धुऱ्यात पुरलेल्या सोंगट्या

भयपटात संगीत कधी वाजवावे आणि कधी आवरावे, याचे एक शास्त्र आहे. ज्यांना ते कळत नाही त्यांनी खुशाल वाईट भयपट काढावेत. त्याला माझी हरकत असेल, पण ती मी पत्राने नोंदवीन आणि पोचपावती फाइलला लावून गप्प बसेन. मात्र तेच संगीत कोणी एखाद्या जित्याजागत्या बाईच्या अब्रूवर वाजवले, तर मी गप्प बसणार नाही. गेल्या उन्हाळ्यात ते वाजवले गेले, आणि ज्याने वाजवले तो आजही छाती काढून फटफटीवरून फिरतो.

ती चित्रफीत मला आमच्या गल्लीतल्या औषधविक्रेत्याने दाखवली. "पाहा बाबूजी, तुमच्या आवडीचा माल आहे," असे म्हणून त्याने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. जेसीबीने नुकतीच उकरलेली काळी माती. मातीत सात लहान कापडी बाहुल्या. प्रत्येकीला पांढऱ्या चिंधीत गुंडाळलेले, वरून लाल दोऱ्याने बांधलेले. चिंध्या सरकून उघड्या पडलेल्या, बाहुल्यांवर टाचलेल्या आरशांवर ऊन पडून ते डोळ्यांसारखे चमकत होते. या सगळ्याखाली आधी एक खर्जातला घुमारा, मग बाईचे हसणे, मग दार आपटल्याचा आवाज. शेवटी पडद्यावर लाल अक्षरे आली: 'शेजारचीच करणी. ओळखा कोण?'

तो घुमारा मी ओळखतो. नायिका जिना चढू लागली आणि दिग्दर्शकाला जिन्यावर काय ठेवावे ते सुचले नाही की तो वापरतात. पण घुमाऱ्याच्याही आधी मी त्या बाहुल्या ओळखल्या होत्या. त्या आमच्या होत्या. डावीकडून तिसरी तर मीच होतो.

हे समजावून सांगणे भाग आहे.

मी दिग्रसला राहतो. सारी नोकरी न्यायालयात कारकुनी करण्यात गेली. निवृत्तीनंतर लोक देवळाच्या कट्ट्यावर बसून सरकारला शिव्या घालतात. मला शिव्या लेखी घालण्याची सवय असल्याने कट्ट्याची गरज पडली नाही. रविवारी दुपारी माझ्या बैठकीच्या खोलीतल्या टेबलाभोवती आम्ही तिघे बसतो: मी, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या एक मॅडम, आणि एसटीतून निवृत्त झालेला एक ड्रायव्हर. महिन्यातून एका रविवारी आम्ही विज्ञानपट किंवा भयपट पाहतो, आणि बाकीच्या रविवारी खेळतो. टेबलावर फासे दिसले की लोकांना जुगारच आठवतो. जुगार ठरण्यासाठी काहीतरी पणाला लागावे लागते, आणि आमच्या टेबलावर चहाचा कपसुद्धा पणाला लागत नाही, हे मी ज्यांनी विचारले त्यांना आणि ज्यांनी विचारले नाही त्यांनाही सांगितले आहे. "या वयात खेळता?" असे विचारणाऱ्यांना मी उत्तर देत नाही. सबंध दिवस मोबाइलवर रंगीत गोळ्या फोडणाऱ्यांनी मला वय शिकवू नये.

विज्ञानपटाबद्दल माझे म्हणणे साधे आहे. त्यात काहीही घडो, माणूस काळात मागे जावो नाहीतर यंत्राच्या प्रेमात पडो. पण पहिल्या अर्ध्या तासात जो नियम सांगितला, तो शेवटच्या अर्ध्या तासात मोडता कामा नये. कायदा करणाऱ्यानेच कायदा मोडला तर प्रेक्षकाने दाद मागायची कुठे? एका परदेशी चित्रपटाच्या हिंदी डबिंगमध्ये प्रकाशवर्ष हे काळाचे माप म्हणून वापरलेले ऐकले, तेव्हा मी वितरकाला पत्र लिहिले. उत्तर आले नाही. स्मरणपत्र पाठवले. त्यालाही नाही. मॅडम म्हणाल्या, "अहो, त्यांना मराठी पत्र कळणार कसे?" ज्यांना प्रकाशवर्ष कळत नाही त्यांना मराठी कळले नाही म्हणून माझे काही अडत नाही, असे मी त्यांना सांगितले.

भयपटावरचा माझा राग जुना आहे आणि तो कमी होण्याचे काही कारण मला दिसत नाही. शहरातली चार माणसे गाडी घेऊन खेड्यात येतात. खेड्यात एक बाई असते. ती चिंध्यांच्या बाहुल्या शिवत असते, कमी बोलते, आणि तिचे कपडे शहरातल्या बायकांसारखे नसतात. एवढ्या तीन पुराव्यांवर ती चेटकीण ठरते आणि शेवटी तिला जाळतात, आणि आपण टाळ्या वाजवायच्या. अशा किती पटांना किती पत्रे लिहिली, त्याचा हिशेब मी ठेवलेला नाही. "तुमी एवढे कायले चिडता? सिनेमाच तं आहे," असे ड्रायव्हर दरवेळी म्हणे. आता म्हणत नाही.

खेळाचे असे झाले. मॅडमच्या भाच्याने मुंबईहून एक परदेशी खेळ आणून दिला होता: मोठी हवेली, धुके, तळघरात पिशाच. आम्ही तो दोनदा खेळलो आणि वैतागलो. धुके आम्ही पाहिले आहे ते पौषातल्या सकाळी, तेही चहा होईपर्यंत. ज्या पिशाचाला धुके लागते ते यवतमाळ जिल्ह्यात येऊन खाणार काय? म्हणून आम्ही आमचा खेळ केला. त्यात एक बंद पडलेले जिनिंग आहे, म्हणजे कापसातून सरकी काढण्याचा कारखाना. बाहेर मे महिन्याची भर दुपार आहे. आत कापसाच्या गंजी छतापर्यंत गेल्या आहेत, हवेत तंतू तरंगतात, आणि गंजीत पाय रुतला की आवाज होत नाही, ना तुमच्या पायाचा, ना तुमच्या मागून येणाऱ्याचा. प्लायवूडच्या फळीवर मॅडमनी नकाशा काढला. नियमावली मी लिहिली: व्याख्या, कलमे, पोटकलमे, अपवाद. 'भूत' या शब्दाची व्याख्या ठरवण्यातच सगळा श्रावण गेला. आणि गोष्ट सांगण्याचे काम ड्रायव्हरकडे गेले, कारण पुसदच्या घाटात झोपलेली एसटी उतरवणाऱ्या माणसाकडे एक आवाज असतो, हळू, सपाट, उतारावर ब्रेकवर ठेवलेल्या पायासारखा. तो म्हणायचा, "बाबूजी, तुमच्या मागं कोण उभं आहे ते मी तुमाले सांगत नाई. तुमी फासा टाका." आणि भर दुपारी माझ्या मानेवरचे केस उभे राहायचे.

सोंगट्या वहिनींनी शिवल्या. वहिनी म्हणजे ड्रायव्हरची बायको. दोघे बंजारा तांड्यावर राहतात. लगतच्या गावात त्यांची पिठाची चक्की आहे आणि ती वहिनी चालवतात. गाव आणि तांडा, दोन्हींचे दळण तिथे. त्यांच्या सासूने आणि सासूच्या सासूने घागऱ्यांवर आरसे टाचले. त्यांनी उरलेल्या चिंध्यांतून आमच्यासाठी बोटभर उंचीची माणसे केली: मुकादम, रखवालदार, वजनकाट्यावरचा माणूस, ओटीत कापूस घेतलेली बाई. प्लॅस्टिकच्या परदेशी सोंगट्यांना तोंडे असतात, पण त्यांच्याकडे पाहून कोणाचे नाव आठवत नाही. वहिनींच्या सोंगट्यांना तोंडे नव्हती आणि तरी प्रत्येकीकडे पाहून कोणीतरी आठवायचे.

आता नियमावलीतले ते कलम. खेळात मेलेली सोंगटी पेटीत परत जायची नाही. हे कलम माझे आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. जिथे मेलेला पुढच्या रविवारी पुन्हा उभा राहतो, तिथे भीती कशाची? मग मेलेल्यांचे करायचे काय, हा प्रश्न आला. ड्रायव्हर म्हणाला, "मयत म्हटलं तं माती पाह्यजे." त्याच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे दोन शेतांमधल्या गवताच्या पट्टीवर, एक पळस आहे. दिवाळीनंतर वजनकाट्यावरचा माणूस, म्हणजे मी, तळघरात मेलो, तेव्हा आम्ही तिघे आणि वहिनी त्या पळसाखाली गेलो. वहिनींनी माझ्यावर पांढरी चिंधी गुंडाळली आणि दोऱ्याने बांधली. दोरा लाल होता, कारण मशीनला त्या दिवशी लालच रीळ लावलेले होते. मॅडम चार शब्द बोलल्या, ते बरेच खोडसाळ होते. आम्ही हसलो, शेंगदाणे खाल्ले आणि परत आलो. पुढे एकेक करत आणखी सहा जण तिथे गेले. खेळणाऱ्या माणसांचा हा एक रिवाज होता, एवढेच. त्यात कोणाचे वाईट चिंतलेले नव्हते. खरे तर त्यात कोणी कोणाचे काहीच चिंतलेले नव्हते.

धुऱ्याच्या पलीकडचे शेत ज्याचे आहे तो गृहस्थ ग्रामपंचायतीचा सदस्य आहे. उन्हाळ्यात रान मोकळे झाल्यावर त्याची जमीन थोडी वाढली पाहिजे असे त्याला वाटले. जमीन वाढवण्याचा कायदेशीर मार्ग म्हणजे ती विकत घेणे. त्याने जेसीबी बोलावला. धुरा अर्धा कापला गेला, पळसाची मुळे उघडी पडली आणि बकेटमध्ये आमचे मुडदे आले. त्याच आठवड्यात त्याचा एक बैल पोट फुगून मेला होता. ज्याने चोरून धुरा कोरला त्याच्या हातात देवानेच जणू ढाल दिली. धुऱ्याविषयी कोणी विचारण्याच्या आत त्याने मोबाइल काढला.

त्या चित्रफितीत गुन्ह्याचा पुरावा आहे, आणि तो त्याच्याच विरुद्ध आहे. कापलेला धुरा, उपटलेली गवताची कड, मागे उभा जेसीबी, सगळे स्वच्छ दिसते. पण खाली घुमारा वाजत असला की लोकांना धुरा दिसत नाही, बाहुली दिसते. हे त्याला कोणी शिकवले? ज्यांना मी इतकी वर्षे पत्रे लिहीत आलो, त्यांनी.

बाहुल्या शिवणारी, आरसे टाचणारी, त्या शेताची मालकीण: 'ओळखा कोण' याचे उत्तर द्यायला कोणाला वेळ लागला नाही. दोन दिवसांत चक्की बंद पडली. म्हणजे पट्टा शाबूत होता, वीज होती, जात्याला टाकी लावलेली होती. दळण येईना. गावातल्या बायका डबे डोक्यावर घेऊन पुढच्या गावच्या चक्कीवर उन्हातून जाऊ लागल्या. तांड्यातल्या काही जणीही गेल्या, हे वहिनींना जास्त लागले.

मी तक्रारीचा मसुदा रात्रीतून नाही, सकाळी शांत डोक्याने लिहिला. जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि तो भिंतीवर टांगण्यासाठी केलेला नाही. मसुदा पिशवीत घालून मी एसटीने निघालो. ड्रायव्हर चक्कीच्या ओट्यावर बसला होता.

"या बाबूजी. पाणी घ्या. पण पिशवीतला कागद बाहेर काढू नका."

"कागद आहे हे तुम्हाला कोणी सांगितले?"

"तुमच्या पिशवीत दुसरं काय राहते? भजे राहतेत काय?"

आतून वहिनी आल्या. अंगावर पीठ नव्हते. मी त्यांना इतक्या वर्षांत पिठाशिवाय पाहिले नव्हते.

"वाचा भाऊजी," त्या म्हणाल्या. "काय लिहिलं ते मले आयकू द्या."

मी उभ्याने वाचले. माझे वाचन चांगले आहे. न्यायालयात पुकारा करण्याचा सराव आहे. तिचे पूर्ण नाव, पतीचे नाव, राहणार तांडा, हिच्यावर चेटकीण असल्याचा व करणी केल्याचा आरोप करून... इथे त्यांनी हात वर केला.

"थांबा. हा शब्द माह्या नावापुढं कोणं लिहिला?"

"आरोप काय आहे ते नमूद करावे लागते, वहिनी. त्याशिवाय गुन्हा सिद्ध होत नाही."

"त्यानं तं माहं नाव घेतलं नाई. 'ओळखा कोण' म्हणे. नाव अन् तो शब्द एका ओळीत लिहिणारे तुमीच पह्यले."

समोरच्याचा मुद्दा बरोबर असला की माझा राग वाढतो. मी म्हणालो, दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणीही देऊ शकतो, तुमच्या संमतीची कायद्याला गरज नाही. ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिले. घाटात समोरून चुकीच्या बाजूने ट्रक आला की तो तसा पाहत असावा.

"कायद्याले नाई," वहिनी म्हणाल्या, "पण तुमाले?"

मी कागद घडी करून पिशवीत टाकला. तो पुढे कधी बाहेर काढला नाही. माझ्या आयुष्यात पूर्ण होऊन न पाठवलेला तो एकच अर्ज, आणि तो चुकीचा होता असे मी आजही मानत नाही. एवढेच, की तो माझा नव्हता.

ड्रायव्हर मला धुऱ्यावर घेऊन गेला. बाहुल्या त्याने जेसीबी आला त्याच दिवशी गोळा करून एका जुन्या डब्यात ठेवल्या होत्या; त्या जागी कोणीतरी लिंबू कापून टाकले होते, ते वाळून चिंचोक्याएवढे झाले होते. आम्ही पळसाची मुळे पाहत होतो तेवढ्यात तो सदस्य फटफटीवरून आला.

"काय बाबूजी, मोजणी करून राह्यले काय?"

"धुरा कुठे गेला?"

"धुरा सोडा. धुऱ्यात काय निघालं ते पाह्यलं ना? देवानंच बुद्धी देल्ली खोदाची."

"त्या आमच्या खेळातल्या सोंगट्या आहेत. आम्ही पुरल्या. त्यातली एक मी आहे."

तो हसला. खोटे हसला नाही, खरोखर हसला. "तुमी? बाहुलीत? या वयात बाहुल्या खेळून राह्यले तुमी, अन् मले म्हणता धुरा कुठं गेला."

"तुमचा बैल पोट फुगून मेला असे जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितले आहे."

"फुगलं हे डॉक्टरले दिसलं. कोणं फुगवलं ते कसं दिसन?"

"तुम्हाला स्वतःला हे खरे वाटते का?" मी विचारले. मला ते खरोखर जाणून घ्यायचे होते.

त्याने फटफटीची किल्ली बोटाभोवती फिरवली. "मले काय वाटते त्याले कोण इचारते जी? तुमी सांगत फिरा खेळ होता म्हणून. खेळ कोणाले पटत नाई. करणी झटकन पटते. अन् तांड्याच्या बायायले हे सारं येतेच, हे काय म्या काढलं?"

ड्रायव्हर फटफटीच्या पुढे येऊन उभा राहिला. तो म्हणाला, "व्हिडिओ काढून टाक."

"आता माह्या हातात आहे काय तो? पुसदले गेला, नांदेडले गेला. लोकायच्या फोनात जाऊन काढू काय?" आणि तो गेला.

मला जे बोलायचे होते ते सगळे सुटसुटीत, क्रमवार, मुद्देसूद मनात तयार झाले ते तो वळणावरून दिसेनासा झाल्यावर. लेखी भांडणाऱ्या माणसाचे तोंडी भांडणात हेच होते. पण एका गोष्टीचा राग मला त्याच्याहूनही जास्त आला: तो बरोबर बोलला होता. आम्ही खोट्या भीतीचा खेळ कबूल करून खेळत होतो, नियम लिहून, फासे उघड्यावर टाकून. त्याने तोच खेळ नियम न सांगता मांडला होता, आणि त्याच्या खेळात वहिनीला सोंगटी केले होते.

परत आलो तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, "मी जाळूनच टाकतो त्या बाहुल्या. डोळ्यापुढं नको."

"जाळसान तं म्हणतीन, पकडली म्हणून जाळल्या," वहिनी म्हणाल्या. "आना इकडे तो डबा."

त्यांनी ओट्यावर बादली घेतली, साबण घेतला आणि सातही जणांना धुतले. माती निघाली, लाल दोऱ्याचा रंग थोडा उतरला. मग चक्कीच्या दारापुढे दोरी बांधून, धुणे वाळत घालतात तशा सगळ्या ओळीने चिमट्याने टांगल्या. भर गल्लीत. येणारे-जाणारे थबकत आणि गल्लीच्या दुसऱ्या कडेने जात. मला हे पसंत नव्हते. मी म्हणालो, हे म्हणजे आगीत तेल ओतणे आहे.

"मातीत पुरून ठेवल्या म्हणून तं हे झालं," त्या म्हणाल्या. "वाळू द्या. अन् रविवारी तुमची ती फळी घेऊन या. खेळ इथं मांडा."

"इथे? चक्कीवर?"

"तुमच्या घरात दार लोटून खेळता तुमी. लोकायले वाटते काय करतेत कोण जाणे. इथं मांडा. जागा मोकळीच आहे, दळण कुठं आहे?"

हे त्या हसून म्हणाल्या. ते हसणे मला आजही आठवले की राग येतो.

रविवारी आम्ही गेलो. मॅडम फळी घेऊन, मी नियमावली आणि फासे घेऊन. ऊन असे होते की ओट्याची फरशी चपलेतून भाजत होती. दोन पालथ्या पिंपांवर फळी ठेवली. सात सोंगट्या दोरीवरून उतरवून फळीवर उभ्या केल्या. हा नियमभंग होता, कारण त्या मेलेल्या होत्या. मी तसे नमूद केले आणि कोणी लक्ष दिले नाही. चौथ्या म्हणून वहिनी स्वतः बसल्या. ड्रायव्हरने सुरुवात केली: दुपार, बंद जिनिंग, उघडे राहिलेले दार. पण त्याचा आवाज लागत नव्हता. गल्लीतले लोक लांब सावलीला उभे राहून बघत होते, आणि भीतीची गोष्ट सांगणाऱ्यालाच श्रोत्यांची भीती वाटत होती.

तेवढ्यात एक बाई डोक्यावर डबा घेऊन गल्लीतून आली. पदर तोंडापर्यंत ओढलेला, उन्हाने चेहरा तांबडा. ती त्या सदस्याची बायको होती. पुढच्या गावच्या चक्कीकडे निघाली होती. आमच्यापुढे आली आणि थांबली.

"ह्याच काय त्या?" तिने विचारले. "आमच्या घरच्यानं फोनात नाचवल्या त्या?"

"ह्याच," वहिनी म्हणाल्या. "डबा खाली ठेव. मान मोडून राह्यली तुही."

ती उभीच राहिली. मग तिने डबा ओट्यावर टेकवला, पण हात सोडला नाही. "अन् हे काय चालू आहे?"

"खेळ. बसतं काय?"

"मले नाई येत बाई."

"ह्यायले तरी कुठं येते? नुसते भांडतेत."

सावलीतून कोणीतरी हसले. ती बसली, घरी काय सांगायचे याचा हिशेब तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता, तरी बसली. ओटीत कापूस घेतलेली बाहुली तिने स्वतः उचलली. उलटी करून पाहिली, शिवण पाहिली, आरसा नखाने खरवडून पाहिला. "टाका बारीक आहे," ती म्हणाली. "ब्लाऊज काहून शिवत नाई तू?"

"माप द्याले येशीन तं शिवतो."

मी नियम वाचायला सुरुवात केली. कलम दोनपर्यंत पोचलो तेव्हा ती म्हणाली, "बाबूजी, तुमी कोर्टात असे वाचत होते? मंग केसा लांबतेत त्यात नवल काय." यावर मॅडम इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मी नियमावली मिटली. ड्रायव्हरचा आवाज मात्र त्याच क्षणी लागला. "बाई," तो तिला म्हणाला, "तू कापसाच्या गंजीपाशी आहे. दुपार आहे. तुह्या मागं दार आपोआप लागलं. वळून पाह्यतं, का पुढं जातं?"

"वळून कायले पाहू? मले माहीत आहे कोण आहे ते."

"कोण?"

"सासू," ती म्हणाली.

गल्ली हसली. लोक सावली सोडून ओट्याजवळ आले. तिने फासा टाकला. वाईट दान पडले. पुन्हा टाकला, त्याहून वाईट. माझ्या नियमाप्रमाणे गंजी तिच्या अंगावर कोसळली आणि ओटीत कापूस घेतलेली बाई मेली. ड्रायव्हरने ते सांगितले तेव्हा कोणी हसले नाही. त्याच्या गोष्टीत मेलेल्याचे लोकांना वाईट वाटते. चांगल्या भयकथेची तीच खूण आहे, आणि ती मी कोणत्याही पत्रात कोणालाही शिकवू शकलेलो नाही.

तिने आडवी पडलेली बाहुली उचलली. "आता हिचं काय करतेत?"

"पह्यले धुऱ्यात पुरत होतो," ड्रायव्हर म्हणाला.

"अन् आता?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले, कारण कलम माझे होते. मी घसा साफ केला. पण वहिनी आधी बोलल्या.

"जिच्या हातानं मेली तिनं घरी न्याची. म्या शिवलेली बाई मातीत नाई जाणार आता."

"कलमात दुरुस्ती करायची तर त्याची एक रीत आहे," मी म्हणालो. "सूचना मांडावी लागते, अनुमोदन—"

"हात वर करा रे," मॅडम म्हणाल्या, आणि जे खेळत होते त्यांनी आणि जे नुसते उभे होते त्यांनीही हात वर केले. असे मतदान ग्राह्य धरता येत नाही. तेही मी नमूद केले.

त्या बाईने हात वर केला नव्हता. ती बाहुलीकडे पाहत बसली होती. ती घेतली तर ती ज्या घरात जाणार, ते घर आम्हा सगळ्यांना माहीत होते. ठेवली तर ओट्याजवळच्या प्रत्येकाने ते पाहिले असते आणि गाव समजायचे ते समजले असते. वहिनी तिच्याकडे पाहत नव्हत्या. फळीवरची धूळ पदराने पुसत होत्या, जी तिथे नव्हती.

मग ती उठली, डबा उचलून आत नेला आणि जोंधळा चक्कीच्या तोंडात ओतला. "बारीक दळजो," ती म्हणाली. "मागच्या बारीले भाकर थापताना फाटत होती."

वहिनी आत गेल्या आणि पट्टा सुरू झाला. पीठ डब्यात पडले. त्या बाईने बाहुली डब्याच्या झाकणावर उभी ठेवली, पदराचे टोक तिच्याभोवती दाबले, डबा डोक्यावर घेतला आणि पुढच्या गावाच्या नव्हे, आपल्या घराच्या वाटेला लागली. गल्लीच्या टोकापर्यंत आरसा चमकताना दिसत होता.

चित्रफीत अजून फिरते. मागच्या महिन्यात मला ती एका अनोळखी नंबरावरून आली, आणि आता तिच्यात घुमाऱ्याच्या जोडीला कोल्हेकुईही घातली आहे. धुऱ्याचा अर्ज मी केला आहे, वहिनींना विचारून. त्यात त्या शब्दाचा उल्लेख नाही, फक्त जमिनीचा आहे. तो सदस्य समोर आला की नमस्कार करतो, मी करत नाही.

आणि त्या दुपारी खेळ पुरा झाला नाही. ती गेल्यावर दुसरी डबा घेऊन आली, मग तिसरी. चक्की अशी घरघरू लागली की ड्रायव्हरच्या गोष्टीतला एक शब्द ऐकू येईना. फळीवर पीठ बसले. मुकादम तळघरात अडकलेला, माझ्यावर फासा टाकण्याची पाळी आलेली. अर्धा खेळ सोडायचा नाही असे कलम आहे. मी ते मोठ्याने सांगितले, दोनदा. वहिनींनी पिठाने पांढरा झालेला हात कानाला लावून "काय म्हणता?" असे आतून विचारले, आणि पुढचा डबा लावला.